टिकली का पडते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळात आजवर माझे काम सतरंज्या अंथरण्याचे आणि चहाच्या कपांचा हिशेब ठेवण्याचे. चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाईंनी "या वर्धापनदिनाला तुम्ही बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी हसले आणि मग दोन रात्री मला झोप लागली नाही. बोलावयाचे तरी कशावर? पापड-लोणची तुम्हां सर्वांना माझ्याहून चांगली येतात. शिवणकामात माझी टीप आजही वाकडी जाते. शेवटी ज्या एका गोष्टीत मी स्वतः हात पोळून घेतले, तीच तुमच्यापुढे मांडावी असे ठरवले.

विषय दिसावयास लहान, अगदी तुरीच्या डाळीएवढा आहे. मुलांचे वाकडे दात सरळ करण्यासाठी तारा बसवतात. त्या तारेला धरून ठेवण्यासाठी प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो. डॉक्टर त्याला ब्रॅकेट म्हणतात. माझी मुलगी त्याला टिकली म्हणत असे, म्हणून मीही टिकलीच म्हणते. ही टिकली दातावर टिकते कशाने आणि पडते कशाने, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा विषय घेण्यास कारण झाले. गेल्या हळदीकुंकवाला तुमच्यापैकी तिघीजणींनी मला निरनिराळ्या वेळी कोपऱ्यात घेऊन एकच प्रश्न विचारला. "ताई, आमच्या पोरीची टिकली पुन्हा पडली. डॉक्टर फसवतात, की पोरगी काही खाते?" मी त्या वेळी घाईत होते, काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाले. पण घरी गेल्यावर मनाला लागून राहिले. कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर धरून बसले होते. ते उत्तर मला महाग पडले.

आपल्या शेंडी-भंडारदऱ्याहून असल्या कामासाठी जावयाचे म्हणजे दिवस मोडतो. आपल्या जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरलाही दंत महाविद्यालय आहे. पलीकडे बारी, घोटी असे करीत नाशिकला गेले तर तेथेही आहे. अशा महाविद्यालयांत खासगी दवाखान्याहून बहुधा कमी खर्चात काम होते, हेही जाता जाता सांगून ठेवते. पण कोठेही गेले तरी एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि मुलीची बुडालेली शाळा ही भरावीच लागते. एक टिकली पडली की हा सगळा खर्च पुन्हा उभा राहतो. शहरातल्या बाईला टिकली पडणे म्हणजे संध्याकाळची एक फेरी. आपल्याला तो अख्खा दिवस आहे.

आधी ती चिकटते कशी ते पाहू. आपल्या कपाळाची टिकली घ्या. कपाळाला तेल असले, घाम असला, तर कितीही चांगली टिकली आणा, अर्ध्या तासात ती गालावर येते. दोष टिकलीचा नसतो. दाताचेही तसेच आहे. फक्त दाताची अडचण आणखी मोठी. दाताच्या वरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण वस्तू होय. ते काचेसारखे गुळगुळीत असते आणि वर सदैव थुंकीने ओले. अशा जागेवर काही चिकटावे कसे?

जुन्या काळी ते चिकटतच नसे. म्हणून दंतवैद्य प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत, बोटात अंगठी घालावी तसे, आणि त्या कड्यावर तुकडा जोडलेला असे. दोन दातांच्या मध्ये कडे जावे म्हणून आधी फट पाडावी लागे. ते दुखे, आणि तोंड उघडले की सगळे धातूच दिसे. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. कारखान्यात धातूवर रंग चांगला बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला ठाऊक होते. त्याने तेच आम्ल अर्धा मिनिट दाताला लावून पाहिले. धुऊन वाळवल्यावर त्यावर प्लॅस्टिकसारखा पदार्थ पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट बसला. पुढे १९६५ च्या सुमारास जॉर्ज न्यूमन या दंतवैद्याने याच रीतीने टिकल्या थेट दातावर चिकटवून दाखवल्या, आणि कड्यांचा काळ हळूहळू सरला. आजही मागच्या दाढांना काही ठिकाणी कडी घालतात, पण पुढच्या दातांना टिकल्याच.

आम्ल हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, तसा तुमच्याही येईल. म्हणून पाट्याचे उदाहरण देते. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण सरकते, वाटले जात नाही. मग आपण टाकी लावणारीला बोलावतो. ती छिन्नीने बारीक बारीक टोचे मारून जाते आणि पाटा पुन्हा धरू लागतो. आम्ल दाताला टाकीच लावते. फक्त ते टोचे इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची खोली एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि दाताचे कवच असते मिलिमीटरभर किंवा त्याहून जाड. आज बहुतेक ठिकाणी सुमारे ३७ टक्के आम्ल पंधरा ते तीस सेकंद लावतात, मग पाण्याने धुतात आणि हवेने वाळवतात. तेवढी जागा तांदळाच्या पिठीसारखी पांढुरकी दिसू लागली की टाकी बरोबर लागली असे समजावे. मग पातळ डिंक त्या बारीक छिद्रांत मुरतो. टिकलीच्या पाठीला बारीक जाळी असते, तिच्यातही तो शिरतो. वरून निळा उजेड काही सेकंद धरला की डिंक दगडासारखा होतो. म्हणजे हे नुसते चिकटणे नव्हे. एका बाजूने दातात आणि दुसऱ्या बाजूने जाळीत त्या डिंकाची मुळे धरलेली असतात.

यात एक गोष्ट मात्र गवंडीकामाच्या उलट आहे. गवंडी गिलावा करण्यापूर्वी भिंत भिजवतो. येथे टाकी लावल्यावर थुंकीचा एक थेंब लागला तरी सगळे बिघडते. ती छिद्रे थुंकीने भरून जातात, डिंकाला आत शिरावयास जागा राहत नाही. म्हणून डॉक्टर गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात, नळीने थुंकी ओढून घेतात, आणि "गिळू नकोस, जीभ लावू नकोस" असे दहादा बजावतात. मुलाला ते जाचक वाटते. पण टिकलीचे पुढचे दीड-दोन वर्षांचे आयुष्य त्या पाच मिनिटांत ठरते.

आता ती किती घट्ट असावी? १९७५ साली रेनॉल्ड्स या संशोधकाने एक अंदाज मांडला, तो आजही धरला जातो. एका चौरस सेंटिमीटरला साधारण साठ ते ऐंशी किलो भार सोसेल इतकी पकड पुरेशी. टिकलीचा तळ चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. म्हणजे एका टिकलीला सहा ते आठ किलो. आपल्या दळणाच्या डब्याएवढे वजन त्या डाळीएवढ्या तुकड्याने पेलावयाचे! हे ऐकून मी डॉक्टरीणबाईंना विचारले, की तार एवढ्या जोराने ओढते का? त्या हसल्या. तार दाताला ओढते ती शे-दीडशे ग्रॅमने, म्हणजे एखाद्या टोमॅटोच्या वजनाएवढ्या बळाने. तारेने टिकली सहसा पडत नाही. दाढांमध्ये चावण्याचे बळ पन्नास किलोंच्याही वर जाऊ शकते. टिकली पाडतो तो आपला घास.

मग याहून घट्ट डिंक का करीत नाहीत? हाही प्रश्न मी विचारला. उत्तर मला फार पटले. टिकली कायमची नसते. काम झाले की ती काढावयाची असते. पकड फाजील घट्ट असली तर काढताना टिकलीबरोबर दाताच्या कवचाचा कपचा निघतो, आणि ते कवच पुन्हा उगवत नाही. चिनी मातीच्या दातरंगी टिकल्या नव्याने निघाल्या तेव्हा असे काही प्रकार झाले होते. म्हणून पकड बेताची लागते. रोजच्या जेवणात टिकावी आणि शेवटी दाताला इजा न करता सुटावी इतकी. म्हणजे अधूनमधून एखादी टिकली पडणे हे या कामात धरलेलेच आहे. पडली म्हणून कोणी फसवले असे लगेच समजू नये. त्याच त्याच दाताची वारंवार पडू लागली, तर मात्र कारण शोधावयास हवे.

येथे माझी गोष्ट सुरू होते.

माझी धाकटी आठवीत असताना तिला तारा लावल्या. वरचे दात पुढे आलेले, आणि तोंड मिटले की वरचे दात खालच्यांना जवळजवळ झाकून टाकीत. शाळेत पोरे चिडवीत. ती हसताना ओढणी तोंडाशी नेऊ लागली, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले, की भाताचे पैसे आले आहेत तर हे करून टाकू. शहरातल्या एका दवाखान्यात काम सुरू झाले. दीड वर्ष लागेल असे सांगितले.

तिसऱ्याच दिवशी वरच्या मागच्या दाताची टिकली पडली. ताटात वरणभात होता. मी म्हटले, "वरणभाताने टिकली पडते होय? शाळेत चणे खाल्लेस." ती म्हणाली, "नाही गं आई, शपथ." मी शपथेवर विश्वास ठेवला नाही. एक दिवस मोडून ती बसवून आणली. तीन आठवड्यांनी खालच्या डाव्या बाजूची, दाढेच्या पुढच्या दाताची पडली. या वेळी मी तिला एक धपाटा घातला. सांगावयास लाज वाटते, पण घातला. शेजारणीपुढे म्हणाले, "हिच्या जिभेपायी आम्ही भिकेला लागणार." ते तिने ऐकले.

त्यानंतर दोन महिने टिकली पडली नाही. मला वाटले, धपाटा लागू पडला. आषाढ-श्रावणाचे दिवस होते, भाताच्या आवणीची घाई, त्यात आपल्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. मी दवाखान्याची एक तारीख चुकवली, मग दुसरीही चुकवली. गणपती झाल्यावर तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिले आणि त्या गप्प झाल्या. खालच्या त्याच दाताची टिकली केव्हाच सुटली होती आणि तारेवर मणी फिरावा तशी फिरत होती. तार टोचू नये म्हणून मेणाची छोटी डबी देतात, त्यातल्या मेणाने माझ्या मुलीने ती रोज सकाळी दाताला लावून ठेवली होती. मला दिसू नये म्हणून. दोन महिने.

दात तेवढ्या दिवसांत पुन्हा वळला होता. दीड वर्षाचे काम पुढे सव्वादोन वर्षांवर गेले.

मी तेथेच तिच्यावर आवाज चढवला. डॉक्टरीणबाईंनी मला हाताने थांबवले आणि म्हणाल्या, "बाई, टिकली मी दहा वेळा बसवीन. पण मुलीने सांगणेच बंद केले तर मला कळावे कसे?" मग त्यांनी तिच्या दातावर दिवा धरून मला भिंग दिले. म्हणाल्या, "दातावर डिंक दिसतो का?" दिसत होता, वाळलेल्या खळीसारखा. "म्हणजे दाताने डिंक धरून ठेवला आहे. टिकली डिंकापासून सुटली. काहीतरी तिला रोज बाहेरून मारते आहे." त्यांनी एक निळा कागद दातांमध्ये ठेवून तिला चावावयास सांगितले. तोंड उघडल्यावर पाहिले, तर त्या टिकलीच्या जागी ठसठशीत निळा डाग. वरचा दात खाली येताना दर घासाला तेथेच आपटत होता. ती चणे खावो की वरणभात, ती टिकली पडणारच होती. हे सुरुवातीलाच पाहावयास हवे होते, असे त्यांनी स्वतःच कबूल केले. त्यांनी वरच्या दाढांवर निळसर सिमेंटचा एकेक लहान ठिपका दिला, म्हणजे तोंड पूर्ण मिटणार नाही आणि वरचा दात टिकलीपर्यंत पोहोचणार नाही. त्यानंतर त्या दाताची टिकली शेवटपर्यंत हलली नाही.

आणि पहिली, तिसऱ्या दिवशी पडलेली? तिची नोंद कागदावर होती. त्या वेळी दातावर डिंकाचा मागमूसही नव्हता, सगळा टिकलीच्या पाठीला गेला होता. याचा अर्थ दाताने डिंक धरलाच नव्हता. मागच्या दातापर्यंत थुंकी पोहोचली असावी. म्हणजे त्यातही माझ्या मुलीचा काही दोष नव्हता.

परतीच्या वाटेवर घोटीला एसटी थांबली, तेव्हा मी तिला म्हटले, "माझे चुकले गं." ती खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, आज रात्री मऊ भात करशील?" आमच्यात तेवढेच बोलणे झाले.

पुढे पावसाळ्यात आणखी एकदा टिकली पडली. धरणावर पाहुण्यांची गर्दी होती, कोळशावर कणसे भाजणाऱ्यांच्या रांगा होत्या, आणि तिने मैत्रिणीबरोबर कणीस दातांनी ओरपून खाल्ले. त्याच संध्याकाळी तिने स्वतः येऊन सांगितले आणि पडलेली टिकली माझ्या हातावर ठेवली. चारांपैकी एवढी एकच तिची. मी तिला रागावले नाही. सांगितली हेच मला पुष्कळ वाटले.

भगिनींनो, यातून मला जे समजले ते तुमच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगते.

पडलेली टिकली फेकू नका. कागदाच्या पुडीत बांधून घेऊन जा. डिंक दातावर राहिला की टिकलीला गेला, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. १९८४ साली दोन परदेशी दंतवैद्यांनी यासाठी शून्य ते तीन अशी मोजणीच बसवून दिली, ती आजही वापरतात. दातावर डिंक अजिबात नसेल तर शून्य, सगळाच्या सगळा असेल तर तीन. तुम्हीही भिंग घेऊन पाहू शकता. एकच टिकली दुसऱ्यांदा पडली, तर "वरचा दात आपटतो का, ते पाहता का?" असे नम्रपणे विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

टिकल्या बसवल्यावर पहिला दिवस विशेष जपा. डिंकाची पूर्ण पकड येण्यास चोवीस तास लागतात. त्या दिवशी मऊ भात, खिचडी, ताकात कालवलेली भाकरी द्यावी. पुढेही भाकरी बंद करण्याचे कारण नाही. नाचणीची भाकरी आमटीत कुस्करून खावी. पेरू, काकडी, गाजर यांच्या फोडी करून मागच्या दाढांनी चावाव्या. कणसाचे दाणे सोलून द्यावे. चिक्की, फुटाणे, आवळासुपारी, बर्फाचे खडे आणि कैरीची कोय यांना तेवढ्या काळापुरती रजा द्यावी. आणि ऊस दातांनी सोलणे अगदी वर्ज्य. आपल्या धरणाचे पाणी खाली संगमनेर-लोणीपर्यंत उसाला जाते. तिकडचे पाहुणे येताना उसाची मोळी आणतात. मुलांना गंडेऱ्या करून द्या, किंवा रस काढून द्या. सोलावयाचा ऊस टिकल्या उपटून काढतो.

दुसरे, घासणे. टिकलीच्या कडेला अन्न अडकते. ते राहिले तर महिन्याभरातच तिच्याभोवती दातावर पांढरा डाग पडू लागतो. ती किडीची सुरुवात. मग टिकली काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले, असे व्हावयाचे. जेवण झाले की ब्रश, निदान खळखळून चूळ, आणि रात्री निजण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून टिकलीच्या वरून आणि खालून घासणे, एवढे मुलीकडून करून घ्या.

तिसरे थोडे कडू आहे, पण येथे सगळ्या घरच्याच आहोत. आपल्यापैकी काहीजणी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे जाळलेली तंबाखू. तिने दातावर थर बसतो आणि हिरड्या सैल होतात. हल्ली मोठ्या बायकाही दात सरळ करून घेतात, ते चांगलेच आहे. पण हिरड्या सुजलेल्या असताना दात ओढला तर तो हलू लागेल, म्हणून डॉक्टर आधी हिरड्या बऱ्या करावयास सांगतात. आणि आईच्या हातातली मशेरीची डबी मुलगी पाहत असते, हे विसरू नये.

चौथे पाण्याविषयी. माझ्या भावजयीचे माहेर यवतमाळकडचे. पांढरकवड्याच्या बाजूला कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी दात तयार होत असताना असे पाणी पोटात गेले की दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात, ते घासून जात नाहीत. तिच्या भाचीच्या टिकल्या टिकेनात. कारण असे, की असल्या दाताच्या कवचावर आम्लाची टाकी नीट लागत नाही. डॉक्टरांना ती जागा जास्त वेळ तयार करावी लागली, आणि मग काम मार्गी लागले. त्या मुलीलाही घरी बोलणी बसली होती. पाण्यात एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावे असा दंडक आहे. तुमच्या सोयरिकी-नात्यांत कोणाच्या मुलांच्या दातांवर असे पट्टे असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि त्या गावचे पाणी तपासून घ्यावयास लावा.

पाचवे, तारखा चुकवू नका. आवणी असो की कापणी असो. मी दोन तारखा चुकवल्या आणि नऊ महिने भरले. जाणे अगदीच शक्य नसेल तर फोन करून विचारा. सुटलेली टिकली तारेवर लोंबत असली तर मेण लावावे, म्हणजे टोचणार नाही. पण ते मेण फक्त दवाखान्यात पोहोचेपर्यंतचे. घरी कसलाही गोंद लावून ती चिकटवू नये.

आपले धरण आपण रोज पाहतो. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दगडाला दगड धरून ती भिंत उभी आहे. तिलासुद्धा १९६९ साली तडे जाऊन गळती लागली. तेव्हा कोणी भिंतीला शिव्या दिल्या नाहीत. तडा कोठे गेला ते पाहिले, आणि मागून आधार देऊन ती मजबूत केली. म्हणून आज पावसाळ्यात आपण निर्धास्त झोपतो. एवढ्या भिंतीला जी समजूत आपण दाखवली, ती मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला दाखवली नव्हती.

आता तिच्या टिकल्या निघाल्या आहेत. काढताना डिंक दातावर राहिला, तो बारीक यंत्राने घासून काढला, दाताला ओरखडाही आला नाही. दात पुन्हा वळू नयेत म्हणून ती रात्री एक पारदर्शक साचा घालते. ओढणी तोंडाशी नेण्याची सवय गेली आहे. आज ती या सभेत मागे बसली आहे आणि मी हे सगळे सांगते म्हणून लाजते आहे. तिची परवानगी घेऊनच सांगितले.

ज्या तिघींनी मला प्रश्न विचारला होता, त्यांना माझे उत्तर हे. डॉक्टर फसवतात की पोरगी खाते, हे घरी बसून ठरवू नका. टिकली पुडीत बांधा, मुलीला जवळ बसवून "काय झाले गं?" असे विचारा, आणि तिचे ऐकून घेऊन मग एसटीत बसा. पडलेली टिकली पुन्हा बसते. आपल्याला काही सांगावयाचे मुलीने सोडून दिले तर ते पुन्हा जुळवून आणावयास फार दिवस लागतात, हे मी अनुभवाने सांगते.

भाषण लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. चहा तयार आहे, आणि कपांचा हिशेब आजही माझ्याकडेच आहे.